गाड्या निघण्याआधीचा रविवार

ऑक्टोबर २०२५. दिवाळी आठ दिवसांवर आली आहे. बीडच्या नगर रोडवर एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर जिल्ह्यातले फॅमिली डॉक्टर जमताहेत. आष्टीचे डॉक्टर पहाटेच निघालेत, परळीचे आत्ता पोहोचताहेत, माजलगावचे तिघे एकाच गाडीतून उतरतात. कुणी एमबीबीएस, बरेचसे बीएएमएस, काही बीएचएमएस. दाराशी टेबलावर पोह्यांच्या बशा आहेत, चहाचा थर्मास आहे आणि पत्रकांचा गठ्ठा आहे. दोन पानी पत्रक, मथळा साधा: 'दिवाळीनंतरचा हंगाम, सभासदांसाठी सूचना'. मी एक प्रत उचलते आणि मागच्या रांगेत बसते.

खिडकीतून रस्ता दिसतो. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं घेऊन बाया पाट्या मांडून बसल्या आहेत. त्यांच्या पलीकडे टेम्पोत भांडी, पेट्या, गोधड्या चढवताहेत. कुणाचं तरी बिऱ्हाड हलतंय. सरकारनं यंदा १ नोव्हेंबरपासून गाळप सुरू करायला सांगितलं आहे, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघणार. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडे बेळगाव. या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येक डॉक्टरच्या पेशंटांपैकी किती तरी घरं येत्या काही दिवसांत पाच-सहा महिन्यांसाठी जिल्ह्याबाहेर असतील.

संघटनेच्या सचिव मॅडम उभ्या राहतात. त्या वडवणीच्या. प्रास्ताविक न करता पत्रक वाचायला घेतात.

"पहिला मुद्दा ताप. सप्टेंबरच्या पुरात सिंदफणा आणि गोदावरीकाठच्या गावांत पाणी शिरलं होतं. पाणी ओसरलं, डबकी राहिली. डेंग्यूचा संशय आला तर पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन, नंतर आयजीएम. तापाला फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक नाही, आयबुप्रोफेन नाही, अ‍ॅस्पिरिन तर नाहीच."

गेवराईकडचे एक तरुण डॉक्टर हात वर करतात. "मॅडम, सुई दिल्याशिवाय पेशंट उठत नाही. आपण नाही म्हटलं तर तो पुढच्या दवाखान्यात जातो."

"जाऊ द्या सर," मॅडम म्हणतात. "पण जाण्याआधी एवढं सांगा, की ताप उतरला म्हणजे बरं झालं असं नाही. डेंग्यूत धोका ताप उतरतो तेव्हाच सुरू होतो. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, पोरगं मलूल पडलं, तर रात्री किती का वाजले असोत, आणायचं."

मागून कुणीतरी भर घालतं, की पुराच्या पाण्यात उतरलेल्याला ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत कळा असतील तर लेप्टोची शंका घ्यायची. मॅडम मान हलवतात आणि स्क्रब टायफसकडे वळतात. सोयाबीन काढणीला, गवताला गेलेल्या माणसाचा ताप पाच दिवसांनीही हटत नसेल तर त्याचे कपडे सैल करून काख, जांघ, कंबरेचा घेर पाहायचा. न दुखणारी काळी खपली सापडली तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन सुरू करायचं. "तपासायला दोन मिनिटं लागतात," त्या म्हणतात. "पण पेशंटला झोपवून, कपडे सारून, नीट बघावं लागतं."

पुढचा मुद्दा येतो आणि हॉलमधली कुजबुज थांबते. लहान मुलांचं खोकल्याचं औषध. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कफ सिरपनं मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, मुलं गेली. त्यातली बरीच उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडलं. ३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सूचना काढली. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत.

"आपल्या प्रत्येकाच्या कपाटात अशा बाटल्या आहेत," मॅडम म्हणतात. "आज घरी गेल्यावर त्या बाजूला काढा. आणि आईला समजावून सांगा. कोमट पाणी, अंगावरचं दूध, नाक मोकळं करायला मिठाच्या पाण्याचे थेंब. श्वास मोजायला शिकवा. छाती आत ओढली जातेय का, ते दाखवा. कारण हीच आई पंधरा दिवसांनी थंडीत उसाच्या फडाशेजारी कोपीत बसलेली असेल, पोरगं खोकत असेल, आणि सगळ्यात जवळ असेल ते एखादं मेडिकलचं दुकान."

अंबाजोगाईचे डॉक्टर सर्पदंशावर बोलायला उठतात. ते स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पन्नाशी ओलांडलेले. फळ्यावर चार नावं लिहितात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मग मण्यारीच्या नावाखाली जाड रेघ मारतात. "हिचं लक्षात ठेवा. रात्री येते. जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, फारसं दुखत नाही, दातांची खूण दिसेलच असंही नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, उलटी करतो, आणि आपण त्याला ॲसिडिटीची गोळी देतो. पापण्या जड झाल्यात का बघा. थुंकी गिळता येतेय का बघा. शंका आली की १०८ ला फोन. श्वास बंद पडायच्या आधी माणूस मोठ्या दवाखान्यात पोहोचला पाहिजे."

घोणस आणि फुरशासाठी ते वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सांगतात. कोरडी स्वच्छ काचेची नळी, दोन मिली ताजं रक्त, वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग तिरपी करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर विष रक्तात भिनलेलं आहे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, महागडं यंत्रही लागत नाही. मग ते विंचवाकडे येतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेतात. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला हा डॉक्टर. त्यांनी कोकणातल्या लहान गावातल्या आरोग्य केंद्रात बसून विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचूदंशात जीव वाचवते हे जगाला दाखवलं. "नोंदी ठेवल्या म्हणून," ते पुन्हा म्हणतात. "आपण नोंदी ठेवत नाही."

याच वाक्यावरून बैठक पत्रकाच्या दुसऱ्या पानाकडे जाते. दुसऱ्या पानावर एकच गोष्ट आहे: एक कार्ड. पोस्टकार्डाएवढं, जाड कागदाचं, प्लास्टिकच्या पाकिटात राहील असं. पेशंटचं नाव, वय, आजार. औषधांची नावं कंपनीची नव्हे, मूळ नावं, इंग्रजी अक्षरांत, म्हणजे कर्नाटकातल्या डॉक्टरलाही वाचता येतील. कोणतं औषध सोसत नाही. शेवटचं बीपी, शेवटची साखर. गरोदर असेल तर रक्तगट, हिमोग्लोबिन, बाळंतपणाची तारीख. बाळ असेल तर पुढच्या लसीची तारीख. क्षयरोगी असेल तर निक्षय क्रमांक. खाली आपल्या डॉक्टरचा मोबाइल नंबर. मागची बाजू कोरी, तिकडच्या डॉक्टरनं काय केलं ते लिहिण्यासाठी.

मॅडम टीबीवर थांबतात. "साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. आपला हंगामही जवळपास तेवढाच. म्हणजे दिवाळीला औषध सुरू झालेला माणूस अख्खा कोर्स फडावर काढणार. निक्षय क्रमांक देशभर चालतो. जाण्याआधी टीबी युनिटला सांगून त्याची नोंद तिकडे वळती करा, पोषणाचे महिन्याचे हजार रुपयेही सुटणार नाहीत. हे आपण केलं नाही तर तो फेब्रुवारीत औषध सोडतो आणि मेमध्ये परत येतो तेव्हा साधी औषधं त्याला लागू पडतीलच असं नाही."

पाटोद्याचे डॉक्टर शंका काढतात. बीपी-शुगरच्या पेशंटनं जाण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घ्यायच्या तर पैसे कुठून आणायचे? पुरानं सोयाबीन नेलं. मुकादमाची उचल आली ती देण्याघेण्यात गेली.

उत्तरं चहूकडून येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात, तिथल्या डॉक्टरांना आपण स्वतः फोन करून जास्त दिवसांच्या मागायच्या. जनऔषधी दुकानाचा पत्ता द्यायचा. चार गोळ्या लिहिल्या असतील तर त्यांतल्या दोन खरंच लागतात का ते आज पाहायचं. इन्सुलिनवाल्याला मडक्याची युक्ती दाखवायची. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, त्यात कुपी आणि वर ओलं फडकं. माजलगावचे एक डॉक्टर म्हणतात, "कोयता लागतोच हाताला-पायाला. धनुर्वाताचं इंजेक्शन इथंच देऊन पाठवा." मॅडम ते पत्रकात पेनानं लिहून घेतात.

मग पुढच्या रांगेतले अध्यक्ष उठतात. सत्तरीचे. केज तालुक्यात त्यांचा दवाखाना आहे, आता तो त्यांची सून चालवते. ते माइक घेत नाहीत.

"आपल्या जिल्ह्याचं नाव डॉक्टरांमुळे दोनदा खराब झालंय," ते सुरुवात करतात. कुणी मान वर करत नाही. ते आकडे सांगतात. २०११ ची जनगणना, शून्य ते सहा वयोगट, हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, राज्यात सगळ्यांत कमी. मग २०१९. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेली पाहणी. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिला, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. सहांतली एक. त्याच सुमारास देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे हे प्रमाण तीनच्या आसपास होतं.

"ती बाई मोठ्या डॉक्टरकडे जायच्या आधी आपल्याकडे आली होती," ते म्हणतात. "अंगावरून पांढरं जातंय म्हणाली, कंबर दुखते म्हणाली. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. तिला जंतुसंसर्ग होता. आठ-पंधरा दिवसांच्या औषधाचं दुखणं. नवऱ्यालाही औषध द्यायचं होतं. तेवढं समजावायला पंधरा मिनिटं लागली असती. ती कुणी दिली नाहीत. पुढं कुणीतरी तिला कॅन्सरची भीती घातली, आणि तिला वाटलं, पिशवी काढली की पाळी नाही, खाडा नाही, दंड नाही. तिशीतली बाई. आता तिची हाडं ठिसूळ झालीत आणि ती अजून मोळ्या उचलतेय."

तेव्हापासून जिल्ह्यात खासगी रुग्णालयांनाही अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. अध्यक्षांच्या मते हा नियम चांगला आहे, पण तो दाराच्या शेवटच्या पायरीवर उभा आहे. पहिल्या पायरीवर फॅमिली डॉक्टर आहे. पिशवीच्या ऑपरेशनसाठी कुणालाही पाठवण्याआधी तपासणी, औषधाचा पूर्ण कोर्स, सोनोग्राफी आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत, एवढं प्रत्येक सभासद करेल, असा ठराव ते मांडतात. हात वर होतात. गेवराईच्या तरुण डॉक्टरचा हात सगळ्यांत आधी.

खाली बसण्याआधी अध्यक्ष नॉर्वेचा एक अभ्यास सांगतात. तिथं प्रत्येक नागरिकाला नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर असतो. २०१८ सालच्या सुमारे पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण वर्षभरापूर्वी डॉक्टर बदललेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्शानं कमी निघालं. तातडीनं रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाणही चौथाईहून अधिक घटलेलं. "आपले पेशंट दर दिवाळीला डॉक्टर बदलतात," अध्यक्ष म्हणतात. "त्यांच्या मर्जीनं नाही, पोटासाठी. म्हणून आपण त्यांच्याबरोबर गेलं पाहिजे. जेवढं जाता येईल तेवढं."

शेवटचा निर्णय फोनचा. २०२० च्या टेलिमेडिसीनच्या मार्गदर्शक सूचनांनी फोनवरून सल्ला द्यायला चौकट दिली आहे, ओळखीच्या पेशंटसाठी तर ती सोपीच आहे. वेळ कोणती ठेवायची यावर चर्चा होते. दिवसा दवाखान्यात गेलं की खाडा लागतो, मुकादम पैसे कापतो. रात्री आठ ते नऊ ठरते, फडावरून परतून चूल पेटल्यानंतरची. तालुक्यानिहाय पाळ्या लागतात. धारूर सोमवारी, शिरूर कासार मंगळवारी, असं करत अकराही तालुके फळ्यावर येतात.

सोमवारी सकाळी मी सचिव मॅडमच्या दवाखान्यात आहे. बाहेर ओट्यावर गर्दी. डोंगरपट्ट्यातली गावं आहेत ही. कोरडवाहू जमीन, पाऊस लहरी, आणि हंगामाला निम्मी घरं कुलपात. आज बहुतेकांची एकच घाई आहे.

"मॅडम, परवा गाडी यायलीय," खुर्चीवर बसता बसता एक गडी सांगतो. पंचेचाळिशीचा असेल. बीपी १६० वर १००.

"गोळ्या घेत होतात का?"

"घेत व्हतो. मागल्या हंगामात संक्रांतीच्या आतच सरल्या. तिकडल्या दवाखान्यात गेलो, तर ते म्हनले चिठ्ठी दाखवा. चिठ्ठी कोपीत उंदरानं खाल्ली. कोनती गोळी, मला काय सांगता येना. मग तसाच राह्यलो."

मॅडम कार्ड ओढतात. लिहितात: अॅम्लोडिपिन, किती मिलिग्रॅम, सकाळी एक. डोस वाढवतात, तेही लिहितात. मग मोठ्यानं वाचून दाखवतात आणि त्याला मागे म्हणायला लावतात. तो म्हणतो. नाव अडखळत येतं, पण येतं. ते पाकीट तो बंडीच्या आतल्या खिशात, आधार कार्डाशेजारी ठेवतो.

पुढची बाई बाळाला घेऊन आली आहे. दोन महिन्यांचं पोर. दीड महिन्याची लस झाली, अडीच महिन्यांची पंधरा दिवसांनी. तोवर ती कराडच्या बाजूला असेल. मॅडम तारीख लिहितात, माता-बाल संरक्षण कार्डही त्याच पाकिटात घालतात. "तिथल्या आशाताईला हे दोन्ही दाखवायचं. गाव तुझं नसलं तरी लस मिळते. कुणी नाही म्हटलं तर मला फोन लाव आणि फोन त्यांच्या हातात दे."

तिच्या मागून एक जोडपं. मुलगी विशीतली, पाचवा महिना. हिमोग्लोबिन आठ. मॅडम विचारतात, सासूबाईंकडे राहता येणार नाही का? नवरा जमिनीकडे बघत हिशेब सांगतो. दोघांचा मिळून एक कोयता, त्यावर उचल घेतलेली. ती मागे राहिली तर अर्धा कोयता, आणि उचल तशीच अंगावर. मॅडम त्याला बोल लावत नाहीत. लोहाच्या गोळ्या मोजून देतात, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे दोनदा सांगतात, महिन्यानं रक्त तपासायची तारीख लिहितात. मग नवऱ्याकडे वळतात.

"ट्रकच्या शिडीवर ही चढणार नाही. मोळी तू न्यायची. ही खाली बसून बांधेल. कबूल?"

"कबूल, मॅडम."

"रक्तगट बी पॉझिटिव्ह. तोंडपाठ कर. सातव्या महिन्यानंतर रात्री आठला दर सोमवारी फोन यायला पाहिजे, तिचा. तुझा नाही."

मुलगी पहिल्यांदा हसते. कार्ड ती स्वतःच्या हातात घेते. मी लिहितेय हे तिला दिसतं. "लिवा की," ती म्हणते, "तिकडल्यांनी वाचायला पायजे."

तिचा निरोप मी पोहोचवते आहे. कराड, इस्लामपूर, शिरोळ, अकलूज, बारामती, चिकोडी, अथणी, तुमच्या दवाखान्यात या हिवाळ्यात कोणी प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड घेऊन येईल. कपड्यांना उसाची कूस लागलेली असेल, बरोबर मूल असेल, आणि घाई असेल, कारण त्या एका तासाचे पैसे त्याच्या मजुरीतून कापले जाणार आहेत. त्याला पहिल्यापासून सगळं विचारत बसू नका, कार्ड वाचा. लिहिलेली गोळी योग्य असेल तर तीच द्या, नवी बाटली देऊ नका. बाई पांढरं जातंय म्हणाली तर तिला पडद्याआड नेऊन तपासा आणि औषध द्या. काही शंका असली तर खालचा नंबर लावा, रात्री आठला तो नक्की उचलला जाईल. आणि तिला जाऊ देण्याआधी कार्ड उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहा. चैत्रात ती गावी परतेल तेव्हा तिच्या डॉक्टरला तुमच्या त्या चार ओळींपासून पुढं जायचं आहे.